वस्तऱ्यासाठी दगड : पहिला खर्च १००० नंबरच्या दगडावर करा

मागच्या अंकात उघड्या वस्तऱ्याने घरी दाढी करण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत दाढीपेक्षा दगडाचीच चौकशी जास्त आहे. धार कशावर लावायची, नंबर कोणता, देशी की परदेशी? माझा हात टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि अवजारं बनतात त्या विभागात, घडला. लॅपिंग, सरफेस प्लेट, ब्लू मारून पृष्ठभाग जुळवणं हे माझं रोजचं काम होतं, त्यामुळे उत्तरंही त्याच अंगाने येतील. पत्रं लांब होती, ती आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न : काका, आजोबांच्या ट्रंकेत एक वस्तरा सापडला. पात्याच्या बुंध्याशी झोलिंगेन (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) असं कोरलेलं आहे. पाठीवर थोडा गंज आहे आणि धारेला दोन बारीक खाचा दिसतात. मित्र म्हणतो, जपानी १२००० नंबरचा दगड घे, आरशासारखी धार येईल. घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आत्ता घेऊ नका. बहुतेक पत्रांत हाच घोळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दगडाचा नंबर म्हणजे त्यातल्या कणांच्या बारीकपणाचं माप. जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे १००० नंबरच्या दगडातला कण सरासरी साडेअकरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, ४००० चा ३ मायक्रॉनचा आणि ८००० चा १.२ मायक्रॉनचा. मानक ८००० लाच थांबतं. त्याच्या पुढचे १०,०००, १२,०००, ३०,००० हे आकडे ज्याच्या त्याच्या कारखान्याचे. आता तुमच्या खाचा नुसत्या डोळ्यांना दिसतात, म्हणजे त्या एकदशांश मिलिमीटरच्या, १०० मायक्रॉनच्या आसपास तरी असणार. मायक्रॉनभर कणाच्या दगडाने एवढं पोलाद कधी उतरायचं? हात भरून येतील, पात्याच्या दोन्ही बाजू चकाकतील, आणि खाचा होत्या तिथेच राहतील.

धार म्हणजे दोन उतार जिथे भेटतात ती रेघ. ते उतार टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या भागापासून, टोकापर्यंत एकमेकांना खरोखर भिडलेले नसतील, तर पुढचे सगळे दगड वाया. भिडवण्याचं काम १००० नंबरचा दगड करतो. मला विचाराल तर वस्तऱ्याच्या धारेतलं तीन चतुर्थांश काम तिथेच होतं, आणि लोक पैसे मात्र उरलेल्या पाव हिश्श्यावर घालतात. तुमचे पहिले पैसे चांगल्या १००० च्या दगडाला द्या.

दगडावर ठेवण्याआधी वस्तरा नीट तपासा. पाठीवरचा गंज निघतो, त्याची काळजी नको. पण धारेलगतच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके असतील, तर गंज आत उतरलेला आहे. तिथे कितीही घासलं तरी दर वेळी नवीन खाच उघडी पडते. पात्याला केसासारखा तडा असेल तर तो वस्तरा आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवा, गालाला लावू नका.

तडा नसेल, तर पुढचं ऐका. वस्तऱ्याचा कोन आपण ठरवायचा नसतो, तो घडवणाऱ्याने पाठीच्या जाडीत बांधून दिलेला असतो. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पातं १८ मिलिमीटर रुंद असेल, तर धारेचा एकूण कोन साधारण १६ अंशांचा येतो. म्हणून पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली हवीत. सुरी लावताना आपण पाठ उचलतो, ती सवय इथे सोडायची. दगडावर धार पुढे ठेवून चालवायचं आणि परतताना पातं पाठीवरून पलटायचं, धारेवरून कधीच नाही. आजोबांच्या वस्तऱ्याच्या पाठीवर नक्षी असेल आणि ती झिजू द्यायची नसेल, तर विजेच्या कामाची टेप एक थर लावा. कोन जेमतेम एका अंशाने वाढतो. फक्त मग शेवटच्या दगडापर्यंत टेप ठेवावी लागते आणि फाटली की बदलावी लागते.

भिडलं की नाही ते कळायला आमच्या टूलरूममधली युक्ती वापरा. दोन्ही उतारांवर काळ्या मार्करने रेघ मारा. दगडावर पाणी टाकून पातं हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवा आणि खिडकीपाशी नेऊन बघा. शाई पुसली तिथे दगड लागला, राहिली तिथे नाही. टोकापाशी शाई राहिली म्हणून टोक दाबायचं नाही. पातं टाचेकडून टोकाकडे तिरकं ओढत न्यायचं, म्हणजे प्रत्येक भागाला दगड मिळतो. जुने वस्तरे बहुधा किंचित वाकडे असतात, त्यांना ही तिरकी चालच मानवते.

शाई सगळीकडून गेल्यावर दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरा. जिथे चमचमता ठिपका दिसेल तिथे ती अजून बोथट आहे. खऱ्या धारेवरून उजेड परत येत नाही. मग हातावरचे केस कातडीलगत कापून बघा. टाच, मध्य, टोक, तिन्हीकडे सारखे कापले पाहिजेत. घड्याळवाल्यांचं तीसपट भिंग मिळालं तर उत्तमच. १००० वर हे जमत नाही तोवर पुढचा दगड ओलासुद्धा करू नका.

त्यानंतर ४००० किंवा ५०००, आणि मग ८०००. या तीन दगडांत आणि चामड्याच्या पट्ट्यात स्वच्छ दाढी होते. हात आखडता घ्यायचा असेल तर किंग या जपानी कंपनीचा एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० असा जोड दगड घ्या. त्याची १००० ची बाजू पाणी पिते. बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा. ६००० वर नुसतं पाणी शिंपडा. शॅप्टन या जपानी कंपनीचे सिरॅमिक दगड भिजवावे लागत नाहीत, शिंपडलं की कामाला तयार. दगड बदलताना वस्तरा, हात आणि दगडाखालचा पाटा धुऊन घ्या. १००० चा एक कण ८००० वर आला तरी तो धारेवर ओरखडा मारून जातो.

आणि नवा दगडही सपाट असेल असं धरून चालू नका. जाड काच किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटचा सपाट तुकडा घ्या, त्यावर २२० चा वॉटर पेपर अंथरा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून पाण्यात घासा. सगळ्या रेघा एकदम गेल्या की दगड सपाट. मधल्या रेघा मागे राहिल्या तर दगडाला खळगा आहे. चारही कडा थोड्या मारून घ्या, कोपरा तीक्ष्ण राहिला तर पात्याला लागतो.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. पटाशीसाठी दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आहे, तेल टाकून वापरतो. त्याच्या बारीक बाजूवर वस्तरा लावला तर? नाहीतर १००० चा पॉलिश पेपर काचेवर चिकटवू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या दगडावर नको. हार्डवेअरच्या दुकानातल्या त्या दगडाची बारीक बाजूही कणाने चाळीस मायक्रॉनच्या पुढे असते. पटाशीच्या २५-३० अंशांच्या धारेला ते पुरतं, कारण तिच्या पाठीशी भरपूर पोलाद आहे. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, धारेजवळ ते कागदासारखं पातळ होतं. तिथे एवढा जाड कण लागला की कापायच्या ऐवजी तुकडे पाडतो.

पेपरचं वेगळं आहे. पेपरवरचा १००० आणि जपानी दगडावरचा १००० ही दोन वेगवेगळी मापं आहेत. पी १००० लिहिलेल्या पेपरचा कण सुमारे १८ मायक्रॉनचा, म्हणजे दगडापेक्षा दीडपट जाड. पण काचेवर काहीतरी चिकटवायची तुमची कल्पना चांगलीच आहे. त्यासाठी लॅपिंग फिल्म मागवा. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचे मोजून मापलेले कण बसवलेले असतात. १२, ५, ३ आणि १ मायक्रॉनच्या घ्या. काचेवर पाण्याने चिकटतात, सपाट करायचा प्रश्नच नाही, आणि दगडांचा संच घेण्याच्या मानाने सुरुवातीचा खर्च फार कमी. झिजतात मात्र. दाब दिला तर धार फिल्ममध्ये रुतून चिरते, तेवढं सांभाळा. ज्याच्याकडे एकच वस्तरा आहे त्याने दगडांच्या आधी हे करून बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी ब्रुसेल्सला राहते. बाबा हल्ली वस्तऱ्याने दाढी करतात आणि १००० चा व ५००० चा दगड त्यांच्याकडे आहे. त्यांच्या साठीला इथला पिवळा बेल्जियन दगड पुण्याला न्यायचा विचार आहे. घेण्यासारखा असतो का? कोणत्या आकाराचा घेऊ?
— एक वाचक, ब्रुसेल्स

उत्तर : जरूर घ्या. बाबांकडे १००० आहे हे वाचून बरं वाटलं, आता या दगडाचं खरं चीज होईल.

त्याला कोटिक्यूल म्हणतात. तुमच्याकडच्या आर्देन डोंगराळ भागात, व्हिएलसाल्म गावाच्या आसपास, निळसर जांभळ्या पाटीच्या दगडात फिकट पिवळ्या रंगाचे पातळ थर सापडतात, तो हा. सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळाचा हा खडक. त्यात गार्नेट नावाच्या कठीण खनिजाचे अतिशय बारीक स्फटिक खच्चून भरलेले असतात. मँगनीजयुक्त स्पेसार्टीन जातीचं हे गार्नेट. त्याचे दाणे बारा पैलूंचे, जवळजवळ गोलसर. साधा कृत्रिम कण टोकदार असतो, तो पोलादात खोल चर पाडतो. हा गोलसर दाणा उथळ चर पाडतो. म्हणून दाणा ५ ते १५ मायक्रॉनचा असूनही धार त्या मापाच्या मानाने कितीतरी मऊ येते, आणि गालाला ते लगेच कळतं. नाजूक कातडीच्या माणसाला मी या दगडाची शिफारस डोळे मिटून करतो.

तो वापरायची रीतच निराळी आहे. बरोबर त्याच दगडाचा एक छोटा तुकडा मिळतो. पाणी टाकून तो तुकडा मोठ्या दगडावर घासला की दुधासारखं दाट पाणी सुटतं. त्या दुधात सुटे गार्नेट असतात, ते झपाट्याने कापतात. काही वेळ पातं चालवायचं, पाणी करडं झालं की पोलाद उतरतंय असं समजायचं. मग बोट बुडवून स्वच्छ पाण्याचे एक-दोन थेंब टाकायचे, पुन्हा चालवायचं, पुन्हा थेंब. शेवटी दगड धुऊन नुसत्या पाण्यावर, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाइतक्याच दाबाने. त्या टप्प्यावर पातं दगडाला हलकंसं ओढल्यासारखं चिकटू लागतं, ते हाताला जाणवलं की थांबायचं. एकाच दगडावर मधलं आणि शेवटचं काम होतं, त्यामुळे बाबांना ८००० निराळा घ्यावा लागणार नाही.

आकार: १५ सेंटिमीटर लांब आणि ४ ते ५ सेंटिमीटर रुंद पुरे. मोठ्या आकाराला दाम फार चढतो, कारण थर पातळ असतात आणि निर्दोष मोठी लादी क्वचित निघते. वेड्यावाकड्या आकाराचे उरलेले तुकडेही विकतात; ते स्वस्त असतात आणि धार तितकीच चांगली लावतात. खाली निळा दगड नैसर्गिक जोडलेला आहे की कारखान्यात पाटी चिकटवली आहे, याला धारेच्या दृष्टीने काही महत्त्व नाही, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. घासायचा छोटा तुकडा मात्र विसरू नका. वेळ असेल तर लीज शहरामार्गे रेल्वेने व्हिएलसाल्मला जा. जवळच साल्मशातोला जुन्या कारखान्यात कोटिक्यूलचं संग्रहालय आहे, दगड कसा कापायचे, कसा घासायचे ते तिथे बघायला मिळतं. बाबांना दगडाबरोबर तिथले फोटो द्या.

प्रश्न : आमचा पिढीजात न्हाव्याचा धंदा. पणजोबांच्या धोकटीत एक काळा, गुळगुळीत निसणा आहे, मधोमध खोलगट झालेला. वडील म्हणायचे, यावर लावलेल्या धारेने गावच्या सगळ्यांची दाढी व्हायची. हा कोणता दगड? वापरू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. असे निसणे फेकून दिले जातात, तुम्ही जपलात.

घरबसल्या बरंच कळतं. आधी पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच उभा राहिला तर दगड घट्ट आणि बारीक पोताचा. लगेच शोषला गेला तर सच्छिद्र, शेवटच्या धारेला कमी उपयोगाचा. मग कडेला, न दिसणाऱ्या जागी, व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर चुनखडीचा, तो पोलाद कापणार नाही. जुन्या सुरीचं टोक कडेवर ओढा: दगडावर चांदीसारखी रेघ उमटली तर दगड पोलादापेक्षा कठीण, दगडालाच चर पडला तर मऊ, पाटीच्या जातीचा असण्याची शक्यता. मऊ म्हणून नाक मुरडू नका. जर्मनीत थुरिंगियाचे नावाजलेले वस्तऱ्याचे दगड पाटीच्याच जातीचे आहेत. तुमच्या दगडातून खडूसारखा नाही तर रेशमी चिखल सुटतो का ते बोटांत चोळून बघा. एकही खरखरीत कण लागता कामा नये. आपल्या सह्याद्रीतला साधा काळा बसाल्ट असेल तर बोटाला खरखर लागेल, भिंगातून स्फटिकांचे मिसळलेले ठिपके दिसतील. पाटा-वरवंट्याला तो उत्तम, वस्तऱ्याला नाही.

खोलगटपणाविषयी. चार पिढ्यांच्या हातांनी पडलेला तो खळगा घासून टाकायला तुमचा जीव होणार नाही, आणि टाकूही नका. मागची बाजू बघा. ती न वापरलेली असेल तर तीच २२० च्या पेपरवर सपाट करा, मग ४०० आणि ८०० वर फिरवा. पुढची बाजू पणजोबांची राहू द्या. आणि एक कळकळीचं सांगणं: त्यावर तेल टाकू नका. एकदा तेल मुरलं की दगड पाण्यावर पुन्हा नीट चालत नाही. ८००० पर्यंत लावलेला वस्तरा या दगडावर नुसत्या पाण्याने पंचवीस-तीस वेळा फिरवा आणि अर्ध्या गालाची दाढी करा. उरलेला अर्धा ८००० च्या धारेवर. दगडाची जात न कळली तरी हा दगड कामाचा आहे की नाही याचा निकाल गाल देईल. काय झालं ते मला कळवा, मनापासून वाट बघतो.

प्रश्न : माझं सलून आहे. गिऱ्हाइकांना जुन्या पद्धतीची वस्तऱ्याची दाढी द्यावी म्हणतो. कोणते दगड लागतील?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : गिऱ्हाइकासाठी दगड घेऊच नका. एकच पातं दोन माणसांच्या गालांवर फिरलं की हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून जाण्याचा धोका उभा राहतो. पट्टा आणि दगड तर निर्जंतुक करता येत नाहीत. अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आणि प्रत्येकाला त्याच्यासमोर फोडलेलं नवं ब्लेड, हीच रीत ठेवा. स्वतःच्या दाढीसाठी दगड लावायला शिका, त्याने हातही सुधारेल.

प्रश्न : नाकायामाचा शिक्का असलेला जपानी नैसर्गिक दगड लिलावात दिसतोय. घ्यावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : क्योतोजवळच्या नारुताकी भागातल्या दगडांचा लौकिक खरा आहे, आणि नाकायामाची खाण बंद होऊन अनेक दशकं झाली, म्हणून भाव चढे. पण शिक्का मारणं सोपं असतं. शिवाय एकाच खाणीतले दोन दगड सारखे नसतात. एक वस्तऱ्याला अमृत, दुसरा रंध्याच्या पात्यालाच बरा. ज्याने त्या दगडावर लावलेल्या धारेने स्वतः दाढी केली आहे अशा माणसाकडूनच घ्या. फोटो बघून घेऊ नका. तेच पैसे मी १००० चा दगड, नानिवा कंपनीचा १२००० आणि चांगल्या चामड्याच्या पट्ट्याला देईन. बारीक दगडाला मी नाही म्हणत नाही, त्याची पाळी शेवटी येते एवढंच.

प्रश्न : किती दिवसांनी दगडावर लावायचं? आमच्याकडे पावसात वस्तरा आणि दगड दोन्ही खराब होतात.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दिवसांचा हिशोब नको. दाढीआधी पट्टा रोज: कापडावर तीसेक फेऱ्या, चामड्यावर साठेक, इथे पाठ पुढे आणि धार मागे. पट्ट्यानंतरही केस ओढले जाऊ लागले की दगडाची वेळ आली. तेव्हा थेट ८००० किंवा तुमच्या शेवटच्या दगडावर वीसेक फेऱ्या पुरतात. १००० वर परत जायचं ते फक्त धारेला खाच पडली तरच. उगाच गेलात तर वस्तऱ्याचं आयुष्य तुम्हीच कमी करता.

कोकणातल्या पावसाळ्यात वस्तरा न्हाणीघरात ठेवूच नका. दाढी झाली की पातं पुसा, पाच मिनिटं उघडं ठेवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, मुठीतल्या खिळ्यालासुद्धा. दगड भिजलेले डब्यात बंद केले तर बुरशी धरतात आणि कुबट वास येतो. सावलीत, वाऱ्यावर, कडेवर उभे करून वाळवा. उन्हात नको, रेझिनमध्ये बांधलेले बारीक दगड उन्हाने आणि फार वेळ पाण्यात ठेवल्यानेही तडकतात. चामड्याच्या पट्ट्याला पावसात तेल चोळू नका, तळहाताने जोरात घासा, तेवढ्याने तो नरम राहतो.